आगोटीच्या यादीत स्मरणशक्तीची तपासणी

मे महिन्याच्या दुसऱ्या पंधरवड्यात कोकणातल्या घराघरांत आगोटीची, म्हणजे पावसाळ्याआधीच्या तयारीची, एकच धांदल असते. कौले परतली जातात, लाकूडफाटा पडवीत रचला जातो, सुकट, सोडे आणि खारे बांगडे डब्यांत भरले जातात, आमसुले उन्हातून आत येतात, आणि मुंबईहून आलेले चाकरमानी परतीच्या गाडीची वेळ बघत ही बेगमी पुरेल ना, याची चौकशी करतात. या यादीत घरातल्या साठीपुढच्या माणसांच्या स्मरणशक्तीची तपासणीही असावी, असे मी गेली काही वर्षे नात्यागोत्यात सांगत आलो आहे. पाऊस सुरू झाला की तालुक्याला जाणे लांबणीवर पडते, सोबत नेणारी माणसे शहरात परत गेलेली असतात, आणि ज्या विसराळूपणाचे कारण मे महिन्यात एका रक्ततपासणीत सापडले असते, तो गणपतीपर्यंत 'साठी बुद्धी नाठी' या म्हणीखाली घरात मुरून जातो.

मी डॉक्टर नाही. तालुक्याच्या गावी औषधांच्या दुकानात माझी उमेदीची वर्षे गेली आणि कोण कोणती गोळी किती वर्षे नेतो, हे काउंटरच्या या बाजूने मी पाहत आलो. निदान आणि उपचार डॉक्टरांनीच करायचे आहेत. त्यांच्यापर्यंत जाण्याआधी आणि जाऊन आल्यावर घरच्यांनी काय करावे, एवढ्यापुरतेच हे लेखन आहे.

म्हातारपण म्हणजे स्मृतिभ्रंश (डिमेन्शिया) नव्हे, हे आधी स्पष्ट व्हावे. देशभरातील साठीपुढच्या लोकांच्या पाहणीवर आधारलेला जो अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झाला, त्यानुसार भारतात या वयोगटातील ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश आहे. याचाच अर्थ साठी ओलांडलेल्या शंभरांतील नव्वदांहून अधिक माणसांना तो नाही. वयाबरोबर धोका वाढतो आणि पासष्टीनंतर दर पाच वर्षांनी तो साधारण दुप्पट होतो, हेही खरे. वय आणि आनुवंशिकता आपल्या हातात नसतात. परंतु 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेल्या तज्ज्ञगटाने २०२४ साली बदलता येण्याजोगी १४ कारणे मांडली आणि ती सारी दूर झाली तर जगातील सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळू शकेल किंवा पुढे ढकलता येईल, असा हिशेब दिला. हा आकडा साऱ्या लोकसंख्येचा आहे; एखाद्याने सगळे पथ्य पाळले म्हणून त्याला आजार होणारच नाही, अशी हमी त्यात नाही आणि कोणी तशी हमी देत असेल तर त्याच्यापासून दूर राहावे.

विसरणे कोणते आणि स्मृतिभ्रंश कोणता

आंब्याच्या हंगामात चाळीस वर्षे पेट्यांचा हिशेब तोंडावर ठेवणारा माणूस एखाद्या दलालाचे नाव विसरला आणि ते त्याला संध्याकाळी जेवताना आठवले, तर ते वयाचे विसरणे आहे. पण पाच डझनांच्या पेटीचा दर आणि पेट्यांची संख्या यांचा मेळ त्याला बसेनासा झाला, एकाच पेटीचे पैसे तो दोनदा मागू लागला आणि चूक दाखवल्यावर दुसऱ्याने आपल्याला फसवले असे म्हणू लागला, तर तपासणीची वेळ झाली आहे. मोदकाच्या उकडीत मीठ घातले की नाही, याचा विसर कोणालाही पडतो. आयुष्यभर उकड काढलेली बाई पाणी उकळल्यावर पुढे काय करायचे, या विचारात चुलीपुढे थांबून राहिली, तर त्याचा अर्थ वेगळा असतो. ओळखीच्या पाणंदीत वाट चुकणे, बोलताना साध्या वस्तूंचे शब्द न सापडणे, तोच प्रश्न दहा मिनिटांत पुन्हा विचारणे, शांत माणूस एकाएकी संशयी होणे, हे सारे त्यातच मोडते. पुष्कळदा हे बदल त्या माणसाच्या आधी घरच्यांच्या लक्षात येतात.

यासाठी एक वही करावी. तीत तारीख, काय घडले आणि त्यापूर्वी किती दिवसांपासून असे होत आहे, एवढेच लिहावे. 'हल्ली फार विसरते' या वाक्यातून डॉक्टरांना काही कळत नाही. '४ मेला बाजारातून येताना एसटी स्टँडवरून घरची वाट चुकली, याआधी फेब्रुवारीत एकदा' यातून पुष्कळ कळते.

एकाएकी झालेला गोंधळ

स्मृतिभ्रंश महिन्या-वर्षांच्या चालीने येतो. काल-परवापर्यंत नीट असलेला माणूस आज असंबद्ध बोलू लागला, दिवसा झोपून रात्री भ्रमात उठू लागला, तर तो बहुधा दुसऱ्याच आजाराचा परिणाम असतो. जुनी माणसे याला 'वात झाला' म्हणत. लघवीतील किंवा फुप्फुसातील जंतुसंसर्ग, उन्हाळ्यात शरीरातील पाणी कमी होणे, लघवी वाढवणाऱ्या रक्तदाबाच्या गोळीमुळे रक्तातील सोडियम उतरणे, अडलेली लघवी किंवा अनेक दिवसांचा बद्धकोष्ठ, यांतले काहीही वृद्ध मेंदूला गोंधळात टाकण्यास पुरते. भातलावणीच्या दिवसांत चिखलात उतरलेल्या माणसाला ताप, पोटऱ्यांत तीव्र वेदना आणि त्याबरोबर भ्रम होत असेल, तर लेप्टोस्पायरोसिस या चिखल-पाण्यातून होणाऱ्या संसर्गाची शंका डॉक्टरांना बोलून दाखवावी. अशा माणसाला त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे. तोंड एका बाजूला वाकडे होणे, एका हातातील बळ जाणे किंवा बोबडी वळणे ही पक्षाघाताची लक्षणे आहेत. गुठळी विरघळवणारे औषध पहिल्या साडेचार तासांतच देता येते, म्हणून तेथे तासाचाही उशीर परवडत नाही आणि १०८ क्रमांकावर लगेच फोन करावा.

आणखी एक प्रकार सहसा लक्षात येत नाही. शेवाळलेल्या पायरीवरून घसरून डोक्याला थोडा मार बसतो, टेंगूळ उतरते, सगळे विसरतात. त्यानंतर दोन-चार आठवड्यांनी माणूस सुस्त, विसराळू होतो, चालताना झोकांड्या खातो. कवटीच्या आत मेंदूवर हळूहळू साचणारे रक्त याला कारणीभूत असू शकते आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू असणाऱ्यांत त्याचा धोका अधिक असतो. सीटी स्कॅनमध्ये हे दिसते आणि शस्त्रक्रियेने बहुधा सुधारते. म्हणून पडल्याची तारीख, मार किरकोळ वाटला तरी, वहीत लिहावी.

औषधांची पिशवी ओटीवर रिकामी करा

मालवण तालुक्यात राहणारी माझी मावशी अडुसष्टाव्या वर्षी एकाएकी 'म्हातारी झाली', असे घरात बोलले जाऊ लागले. ती सकाळी अकरापर्यंत पेंगत असे, दुपारी तेच तेच विचारी, आणि दोनदा तिने दूध उतू घालवून पातेले जाळले होते. मे महिन्यात मी गेलो तेव्हा तिची औषधांची पिशवी मागून घेतली. लग्नातल्या आहेराची जुनी कापडी पिशवी होती ती, आतल्या पट्ट्यांचे कोपरे कापून एकमेकांत अडकलेले. ओटीवर वर्तमानपत्र पसरून आम्ही ती उलटी केली. दोन वेगवेगळ्या डॉक्टरांनी दिलेली रक्तदाबाची एकच गोळी दोन वेगळ्या नावांनी तीत होती आणि ती दोन्ही घेत होती. अंगाला खाज येते म्हणून दोन वर्षांपूर्वी कोणीतरी सुचवलेली सर्दी-ॲलर्जीची क्लोरफेनिरामाइन ही गोळी रोज रात्री चालू होती. काका वारले त्या महिन्यात झोपेसाठी दिलेली अल्प्राझोलाम तीन वर्षे झाली तरी सुटली नव्हती.

मेंदूत स्मरणाचे निरोप पोहोचवणारे एक रसायन असते, त्याचे नाव ॲसिटिलकोलीन. ॲलर्जीच्या जुन्या पिढीतील गोळ्या, लघवी वारंवार होऊ नये म्हणून दिली जाणारी ऑक्सिब्युटिनिन, जुन्या दुखण्यांवर दिली जाणारी अमिट्रिप्टिलिन अशी औषधे हेच रसायन अडवतात. तरुणाला त्याने केवळ तोंड कोरडे पडल्यासारखे वाटते, वृद्धाला मात्र भ्रम होतो. झोपेच्या आणि घबराटीच्या गोळ्यांनी विसर पडतो, तोल जातो आणि रात्री न्हाणीघराकडे जाताना पडण्याचा धोका वाढतो. यांतील कोणतीही गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नये. विशेषतः अल्प्राझोलामसारखी गोळी एकदम सोडली तर फिट येऊ शकते, म्हणून ती डॉक्टरांनी आठवड्यागणिक उतरवत आणायची असते. घरच्यांचे काम एवढेच की डोळ्यांत घालायच्या थेंबांपासून काढ्याच्या बाटलीपर्यंत सगळे एका पिशवीत घालून एकाच डॉक्टरांपुढे ठेवावे आणि 'यातले कोणते आता नको?' असे विचारावे. माझ्या धंद्यातील माणसांनाही माझे सांगणे आहे की चिठ्ठीशिवाय रोज रात्रीची गोळी मागणाऱ्या वृद्धाला किमान कधीपासून घेता, एवढे तरी विचारावे.

रक्ताच्या तपासण्या

विसराळूपणासाठी डॉक्टर साधारणपणे हिमोग्लोबिन, बी-१२ जीवनसत्त्व, थायरॉइडसाठी टीएसएच, सोडियम, कॅल्शियम, मूत्रपिंड व यकृताच्या तपासण्या, तीन महिन्यांची सरासरी साखर आणि कोलेस्टेरॉल पाहतात. यांतील बी-१२ विषयी कोकणात एक गैरसमज आहे. मासे खाणाऱ्या मुलखात ही उणीव कुठून येणार, असे लोक म्हणतात. पण माळ घातलेली, पंधरा-वीस वर्षांपूर्वी मासळी सोडलेली माणसे वाडीवाडीत आहेत. यकृतातील साठा काही वर्षे पुरतो आणि मग उणीव उघडी पडते, तोवर आहारातील बदल कोणाच्या लक्षातही राहिलेला नसतो. मधुमेहाची मेटफॉर्मिन अनेक वर्षे घेणाऱ्यांत आणि आम्लपित्तासाठी पॅन्टोप्राझोलसारखी गोळी रोज घेणाऱ्यांतही बी-१२ कमी होऊ शकते, मग ते मासे खात असोत वा नसोत. पायांना मुंग्या येणे आणि चालताना तोल जाणे ही सोबतची खूण. ही उणीव गोळ्यांनी किंवा इंजेक्शनांनी भरून काढता येते, मात्र फार उशीर झाला तर झालेले नुकसान पूर्ण भरून येतेच असे नाही.

साखरेच्या बाबतीत उलटाही धोका असतो. मधुमेहाने रक्तवाहिन्या खराब होऊन स्मृतिभ्रंशाचा धोका वाढतो हे खरे, पण ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिन घेणारी वृद्ध व्यक्ती संकष्टी आणि एकादशी कडकडीत करते आणि गोळी मात्र नेमाने घेते, तेव्हा साखर एकदम खाली जाऊन तोच मेंदू उपाशी राहतो. उपवासाच्या दिवशी औषधाचे काय करायचे, हे डॉक्टरांना आधीच विचारून वहीत लिहून ठेवावे. एलडीएल, म्हणजे 'वाईट' म्हटले जाणारे कोलेस्टेरॉल, हे कारण लॅन्सेटच्या २०२४ च्या यादीत नव्याने आले आणि जगातील स्मृतिभ्रंशात त्याचा वाटा तज्ज्ञगटाने ७ टक्के धरला, तेव्हा चाळिशीतील वाचकांनी ही तपासणी आई-वडिलांबरोबर स्वतःचीही करून घ्यावी.

कान, आणि मग डोळे

त्या यादीतील दुसरा ७ टक्क्यांचा वाटा ऐकू कमी येण्याचा आहे आणि आपल्याकडे सर्वांत दुर्लक्षित कारण तेच आहे. ट्रॉलरच्या इंजिनाशेजारी वर्षे काढलेला खलाशी, चिरेखाणीत यंत्र चालवलेला कामगार, भातगिरणीवरचा माणूस, यांची ऐकण्याची क्षमता पन्नाशीतच उतरलेली असते. ऐकू कमी आले की मेंदूची बरीच शक्ती शब्द ओळखण्यातच खर्ची पडते आणि ते लक्षात ठेवायला थोडीच उरते. माणूस चारचौघांत बसणे टाळू लागतो, आणि जे नीट ऐकलेच नाही ते 'विसरला' असे घरचे समजतात. मावशीला मी कानांची तपासणी करू या म्हटले तेव्हा तिने मलाच सुनावले, 'माका सगळा आयकाक येता, तूच हळू बोलतंस.' ऐकू कमी येणारा प्रत्येक माणूस आधी हेच म्हणतो.

सुरुवात मळापासून करावी. दोन्ही कान मळाने बुजलेले असणे फार सामान्य आहे आणि तो डॉक्टरांकडून काढून घ्यावा. केसांचा आकडा, काडी किंवा गरम खोबरेल कानात घालू नये. त्यानंतर श्रवणचाचणी करावी. अमेरिकेत ७० ते ८४ वयाच्या ९७७ लोकांवर तीन वर्षे केलेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात श्रवणयंत्राने सर्वांनाच फायदा झाल्याचे दिसले नाही, पण ज्यांना आधीपासून अधिक धोका होता, त्या गटातील बौद्धिक घसरण ४८ टक्क्यांनी कमी झाली. स्मृतिभ्रंश टळतोच, असे यावरून म्हणता येणार नाही. तरी ज्याचा अपाय काही नाही आणि ज्याने नातवाचे बोलणे पुन्हा कळू लागते, तो उपाय टाळण्याचे कारण मला दिसत नाही.

यंत्र आणले की पहिल्या आठवड्यात ते डबीत परत जाते, हा माझा अनुभव आहे. भांड्यांचा, पंख्याचा, पावसाचा आवाज एकदम अंगावर येतो. म्हणून पहिले काही दिवस घरात तास-दोन तास घालावे, नंतर वेळ वाढवावा, आणि महिन्याभराने ज्यांनी यंत्र दिले त्यांच्याकडे जाऊन आवाज जुळवून घ्यावा. समुद्राकाठच्या दमट हवेत यंत्र लवकर बिघडते, तेव्हा रात्री ते ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डबीत ठेवावे. दारिद्र्यरेषेखालील वृद्धांसाठी केंद्राची राष्ट्रीय वयोश्री योजना २०१७ पासून आहे, तीत श्रवणयंत्र, चष्मा, काठी अशी साधने मिळतात. राज्याच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षांवरील आणि वार्षिक कौटुंबिक उत्पन्न २ लाख रुपयांच्या आत असलेल्यांना साधनांसाठी एकदा ३,००० रुपये मिळतात. डोळ्यांबाबत फार लिहिण्याची गरज नाही: मोतीबिंदू पिकण्याची वाट पाहणे आता आवश्यक नाही, शस्त्रक्रिया करून घ्यावी.

रक्तदाब आणि मीठ

लॅन्सेटच्या हिशेबात उच्च रक्तदाबाचा वाटा २ टक्केच दिला आहे, तरी मी त्याला पहिल्या रांगेत बसवतो. तो मोजायला पैसे लागत नाहीत, त्याचे औषध सरकारी केंद्रात मिळते, आणि मेंदूतील बारीक रक्तवाहिन्या वर्षानुवर्षे बुजत जाऊन जो स्मृतिभ्रंश होतो, त्याचे मूळ बहुधा येथेच असते. चाळिशीपासून वरचा आकडा १३० च्या आसपास किंवा त्याखाली ठेवावा, असा तज्ज्ञांचा सल्ला आहे. पन्नाशीपुढच्या ९,३६१ लोकांवरील एका अमेरिकी अभ्यासात वरचा आकडा १४० ऐवजी १२० च्या खाली ठेवण्याचा प्रयत्न केला गेला. २०१९ साली आलेल्या निष्कर्षांत स्मृतिभ्रंशाबाबत ठाम फरक दिसला नाही, पण त्याची आधीची पायरी असलेली सौम्य बौद्धिक घट मात्र कमी झाली. भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात महाराष्ट्रातून प्रथम जे चार जिल्हे निवडले गेले, त्यांत सिंधुदुर्ग होता. तेव्हा गोळ्या आणि तपासणीसाठी शहर गाठावे लागते, ही सबब येथे तरी चालू नये.

घरी मोजताना चहा, तंबाखू आणि चालणे यांनंतर अर्धा तास जाऊ द्यावा. पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटे गप्प बसावे, दंड छातीच्या पातळीवर ठेवावा आणि मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजून दोन्ही आकडे लिहावेत. वृद्धांचा रक्तदाब उभे राहिल्यावरही एकदा पाहावा, कारण औषध जास्त झाले तर उठताना डोळ्यांपुढे अंधारी येऊन पडायला होते. मावशीच्या बाबतीत दुप्पट गोळीचा हाच परिणाम होत होता.

आणि मीठ. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चहाचा एक सपाट चमचाही नाही, इतकेच मीठ सांगते. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, आणि नेमक्या त्याच काळात आपल्या ताटात खारा बांगडा, सुकट, लोणचे, पापड आणि सांडगी मिरची एकत्र येतात. पेजेबरोबर यांतले दोन प्रकार घेतले तरी दिवसाचे मीठ तेथेच संपते. सुके मासे खाऊच नका, असे सांगून कोकणात कोणी ऐकणार नाही आणि मी तसे सांगतही नाही. खारा मासा पाण्यात भिजवून, पाणी दोनदा फेकून मग शिजवावा, त्या कालवणात वरून मीठ घालू नये, आणि त्या जेवणात लोणचे-पापड वाढू नये. ताजी मासळी मिळते तेव्हा बांगडा आणि तारली यांसारखे तेलकट मासे रव्यात तळण्याऐवजी तिरफळ घालून कालवणात करावेत.

मशेरी, माडी, माड आणि चूल

धूम्रपानाचा स्मृतिभ्रंशाशी संबंध पक्का आहे. मशेरी त्या १४ कारणांत वेगळी मोजलेली नाही, पण भाजलेल्या तंबाखूतील निकोटीन हिरड्यांतून रक्तात जाते आणि रक्तदाब वाढवते, आणि सकाळ-दुपार-संध्याकाळ मशेरी लावणाऱ्या बायका स्वतःला तंबाखू खाणाऱ्यांत धरतच नाहीत, म्हणून डॉक्टरांनी विचारल्यावर 'नाही' म्हणतात. सोडण्यासाठी १८००-११-२३५६ हा निःशुल्क राष्ट्रीय क्रमांक आहे.

दारूबाबत तज्ज्ञगटाने आठवड्याला १६८ ग्रॅमहून अधिक शुद्ध अल्कोहोल, म्हणजे ३० मिलिलिटरच्या सुमारे १६ पेगांहून अधिक, हे प्रमाण धोक्याचे धरले. त्याखालचे सारे सुरक्षित, असा त्याचा अर्थ नव्हे. न जेवता पिणाऱ्यांत बी-१ जीवनसत्त्व संपून स्मरणशक्तीवर थेट आणि कधी कायमचा घाला पडतो, मग ती विदेशी असो की माडी.

डोक्याची दुखापत हे कारण ऐकताना दूरचे वाटते, पण माडावर चढणारे पाडेली, आंबे उतरवण्याचे बेडणे घेऊन झाडावर चढणारे गडी आणि हेल्मेट डिकीत ठेवून घाटी उतरणारे दुचाकीस्वार आपल्याकडे रोज दिसतात. आणि धूर: जेवण गॅसवर आले तरी आंघोळीचे पाणी बहुतेक घरांत लाकडांवरच तापते. ती चूल घराबाहेर पडवीच्या टोकाला न्यावी, जळण कोरडे ठेवावे, आणि ज्यांना आधीच दम लागतो त्यांना तिच्यापुढे बसवू नये.

पावसाळ्यातले चार महिने

जून ते सप्टेंबर या काळात वृद्धांचे चालणे आणि भेटीगाठी एकदमच थांबतात. आठवड्याला १५० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल आणि पासष्टीपुढे तीन दिवस तोलाचे व्यायाम, हे जागतिक आरोग्य संघटनेचे प्रमाण आहे. बाहेर पाऊस असेल तर पडवी आहे: वीस फुटांच्या पडवीत या टोकापासून त्या टोकापर्यंत शंभर वेळा चालणे म्हणजे सुमारे ६०० मीटर. हात न टेकता खुर्चीवरून दहा वेळा उठणे, खांबाला धरून एका पायावर उभे राहणे, एवढे त्यात मिळवावे. पाऊस लागण्यापूर्वी पायऱ्यांवरील शेवाळ खरवडून घ्यावे आणि घसरणीच्या जागी बांबूचा कठडा बांधावा. हे कामही आगोटीचेच.

एकटेपणाचा वाटा त्या यादीत ५ टक्के आहे, आणि मुले शहरात व दहा खोल्यांच्या घरात एकटी आई, हे चित्र कोकणाइतके कोणाला परिचित असेल? रोज 'जेवलीस का?' विचारणाऱ्या फोनने ते भरून निघत नाही. आठवड्याचे भजन, बचत गटाची बैठक, शेजारच्या मुलांना पाढे शिकवणे, गणपतीच्या आधी आरत्या पाठ म्हणून घेणे, यांत माणसाला बोलावे, ऐकावे आणि आठवावे लागते, म्हणून त्यांचे मोल अधिक. फिनलंडमध्ये ६० ते ७७ वयाच्या १,२६० जणांवर दोन वर्षे केलेल्या आणि २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात आहार, व्यायाम, बौद्धिक सराव आणि रक्तदाब-साखरेवर लक्ष या साऱ्यांचा एकत्र अवलंब केला, तेव्हा बुद्धीच्या चाचण्यांत थोडी पण निश्चित सुधारणा दिसली. नुसती शब्दकोडी सोडवत खुर्चीत बसून राहण्याने तेवढे साधेल, असे मला वाटत नाही.

जोडीदार गेल्यानंतर जेवणाची इच्छा नसणे, पहाटे जाग येणे, 'मी आता कशाला हवी' असे बोलणे, यात विसराळूपणा मिसळला की नैराश्य आणि स्मृतिभ्रंश वेगळे ओळखणे घरच्यांना कठीण जाते. नैराश्यावर उपचार आहेत आणि त्याने स्मरणही सुधारू शकते. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ क्रमांकावर मराठीत बोलता येते.

बाटलीत मिळत नाही ते

मेंदूचे टॉनिक मागणारे गिऱ्हाईक मी वर्षानुवर्षे पाहिले आणि विकलेही, हे कबूल करतो. गिंकोच्या अर्कावर अमेरिकेत ३,०६९ वृद्धांवर झालेल्या आणि २००८ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत स्मृतिभ्रंश कमी झाला नाही. ब्राह्मीने स्मृतिभ्रंश टळतो, असे सिद्ध झालेले नाही. रोज चार चमचे खोबरेल प्यायल्याने हा आजार बरा होतो, असे निरोप मोबाइलवर फिरतात. त्याला भक्कम आधार नाही, आणि खोबरेल तेलातील संपृक्त मेद एलडीएल वाढवते. आमटी-कालवणातल्या नारळाबद्दल मी हे म्हणत नाही. हे पैसे बी-१२ च्या तपासणीला आणि रक्तदाबाच्या यंत्राला पुरतात.

तपासणीनंतरही शंका राहिली तर

ऐकणे सुधारले, औषधे आवरली, उणिवा भरल्या आणि तीन महिन्यांनीही विसर वाढतच असेल, तर जिल्हा रुग्णालयातील फिजिशियन, मनोविकारतज्ज्ञ किंवा मेंदूविकारतज्ज्ञ यांच्याकडे जावे. रत्नागिरीचे प्रादेशिक मनोरुग्णालय १८८६ पासूनचे असल्याने त्या नावाची एक धास्ती पिढ्यान्‌पिढ्या आपल्या बोलण्यात मुरलेली आहे. मनोविकारतज्ज्ञांकडे नेणे म्हणजे वेडे ठरवणे, हा समज त्यातूनच येतो आणि त्यापायी दोन-दोन वर्षे वाया जातात. जाताना वही, औषधांची पिशवी, श्रवणयंत्र आणि चष्मा बरोबर घ्यावा, कारण तेथील स्मरणचाचणीत चष्मा घरी राहिलेल्या माणसाला चित्र ओळखता आले नाही तर गुण कापले जातात. किती इयत्ता शिक्षण झाले आणि घरात कोणती बोली बोलतात, हेही आपणहून सांगावे. शाळेचे तोंड न पाहिलेल्या आजीला आजची तारीख आणि उलटे आकडे विचारून काढलेला गुणांक फसवा ठरू शकतो. आर्थिक वा घरगुती अडचणीसाठी वृद्धांकरिता १४५६७ हा क्रमांक आहे.

मावशीची एक रक्तदाबाची गोळी बंद झाली, ॲलर्जीची गेली, झोपेची चार महिन्यांत उतरत उतरत सुटली आणि उजव्या कानातून मळाचा गोळा निघाला. सकाळचे पेंगणे थांबले. तरी तेच तेच विचारणे पूर्ण गेले नाही; डॉक्टरांनी सौम्य घट असल्याचे सांगून दर सहा महिन्यांनी बोलावले आहे. पुढची तारीख गणपती विसर्जनानंतरच्या सोमवारची असून ती तिने स्वतःच्या हाताने दिनदर्शिकेत लिहिली आहे, आणि तिला घेऊन जायला या वेळी माझा मावसभाऊ दोन दिवस उशिरा मुंबईला परतणार आहे.